सहा फोन, एक गोळी

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी ही फजिती सांगितली तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता!

मी आरोग्यसेविका, मालवणची. जेट्टीच्या आसपास उघड्यावर झोपणारी सहा माणसं माझ्याकडे होती. सहाही जणांना बीपी. महिन्याच्या गोळ्या मी एकदम हातात ठेवायचे, पण घेतंय कोण? त्यातल्या बाबलकाकांची तर मला धास्तीच. एके काळचा खलाशी माणूस, आता ना होडी ना घर. एकदा तोंड वाकडं होऊन पडले होते, थोडक्यात वाचले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा झालं तर हातचे जातील."

मग मी डोकं चालवलं! सगळ्यांकडे साधे बटणांचे फोन होते. रोज सकाळी आठला मेसेज सोडायला लागले: 'गोळी घेतली का? घेतली असल्यास १ पाठवा.'

पाच मिनिटांत सहाच्या सहा उत्तरं! महिनाभर एक खाडा नाही. अहो, माझा सख्खा नवरा माझ्या मेसेजला संध्याकाळी उत्तर देतो! मग कशाला उन्हातान्हात जेट्टी गाठायची? महिन्याने गेले ती थेट डॉक्टरांनाच घेऊन. "सर, बघाच तुम्ही!"

डॉक्टरांनी बाबलकाकांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. एकशे नव्वद! बाकीचे पाचही त्याच पंगतीतले.

"काका, रोज एक पाठवतास ना?"

"कोण, मी? गो बाय, सकाळी फोन माझ्याकडे असता खंय? आमका घर नाय, म्हणजे प्लग नाय. सगळ्यांचे फोन दाजीच्या टपरीर चार्जिंगाक!"

दाजी पलीकडे निवांत चहा गाळत होता.

"दाजी, उत्तरं तुम्ही देता?"

"मगे! सरकारी मेसेज इलो तर उत्तर नको?"

"पण यांनी गोळी घेतलीच नाही!"

"यांची कोणी इचारली? मेसेजात नाव खंय होता? बीपी माका पण आसा. पैल्यान रोज इसरत होतंय. आता तुमचो मेसेज इलो काय गोळी घेतंय, आणि एक दाबतंय. सहा फोन वाजतत, म्हणान सहा वेळा दाबतंय. खोटा कित्या बोलू?"

सगळे हसले, बाबलकाका सगळ्यांत मोठ्याने. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाचा जीव एका आकड्यावर सोडून मी घरी पंख्याखाली बसले होते! डॉक्टरांनी काकांना तिथेच गोळी दिली. आता मेसेज दुपारी जातो, फोन ज्याच्या त्याच्या हातात आल्यावर, आणि नावानिशी. शिवाय मी स्वतः फेरी मारते. काका बरे आहेत, काळजी नको.

पण त्या दिवशी डॉक्टर मला सोडतात थोडेच! त्यांनी दाजीच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे वीस, ऐंशी. अगदी पुस्तकातलं बीपी!

"वा सिस्टर! बेघरांच्या योजनेत एकाचं तरी बीपी आटोक्यात आणलंत." आणि दाजीकडे वळून, "काय हो, तुमचं घर कुठे?"

दाजीने शांतपणे विचारलं, "खंयचा? दोन आसत. एक पर्यटकांक भाड्यान देतंय."