अंजनीखालचा विस्तव

कान्हे स्टेशनवर उतरले तेव्हा पाठीवर पिशवी, हातात काठी आणि डोक्यात राग होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या चालण्यावर घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी मत होतं. "अंजनीची फुलं बघायचीत ना? गाडीनं जाऊ, बघू, संध्याकाळी परत," असं माझा मुलगा अमोल म्हणाला. पण मला नदीकाठी उघड्यावर रात्र काढायची होती, तीही एकटीनं. पूर्वी दर फाल्गुनात काढायचे. यंदा माघार घेतली तर पुन्हा कुणी मला घराबाहेर पडू देणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून उशीवर चिठ्ठी ठेवून निघाले.

जीपनं आंदर मावळात शेवटच्या गावापर्यंत आले. पुढं पायवाट. पळस सरत आला होता, पण ओढ्याकाठी धायटी लालभडक फुलली होती आणि करवंदीचा वास सुटला होता. नदीचं पाणी डोहापुरतं उरलेलं. काठाला लागून वाडीची देवराई आणि तिच्या कडेला माझी अंजनी. निळीच्या पाण्यातून काढल्यासारख्या फांद्या! गुडघा ठणकत होता तरी मी मोठ्यानं हसले.

पूर्वी बरोबर स्टोव्ह असायचा; यंदा ओझं नको म्हणून झाडाखालची वाळकी लाकडं गोळा केली, तीन दगड मांडले, खिचडी चढवली. तेवढ्यात वाडीतल्या ठकुबाई पाण्याला आल्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, ताठ. चुलीकडे बघून थबकल्या.

"लाकडं कुटनं आनली, बाई?"

"त्या झाडाखालची. तोडली नाहीत हो, पडलेलीच होती."

"पडली म्हनून काय झालं? राईतली काडी देवाची. आमी घरच्या चुलीत घालत न्हाई."

मी ओशाळले आणि विझवायला तांब्या उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पानी वतू नका! पेटला तो देवाचा झाला. आता रांधाल ते देवाला दावायचं, वाडीला घास घास द्यायचा. अन् ज्यानं पेटवला त्यानं इस्तू (विस्तव) आपसूक इझोस्तवर हितनं उटायचं न्हाई."

थोड्याच वेळात वाडीतल्या बायका आल्या. माझी चिमूटभर खिचडी मोठ्या पातेल्यात गेली, त्यात कुणाचे तांदूळ पडले, कुणाची चवळी, कुणाची मिरची. देवाला नैवेद्य दाखवून पळसाच्या पत्रावळींवर वाढायला घेतलं, तोच अमोल उतारावरून धापा टाकत आला.

"चल आई. हट्ट पुरे झाला."

खरं सांगते, त्या क्षणी मी खचले. गुडघा सुजला होता, थंडी वाजायला लागली होती. उठायला काठी शोधतही होते.

"त्यांना न्हाई उटता यायचं," ठकुबाई वाढता वाढता म्हणाल्या.

"का? गुडघा दुखतोय का?"

"गुडग्याला काय धाड भरलीय? इस्तू पेटवलाय त्यांनी. इझला की येतील."

"मग मी थांबतो."

"तुमी पेटवलाय का?"

अमोलनं माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं हसू दाबलं. तो जेवायला बसला, दोनदा मागून घेतलं आणि स्वतःचं जाकीट माझ्या खांद्यावर टाकून परत गेला.

बायकाही पांगल्या. सगळ्यात शेवटी ठकुबाई उठल्या. राईतून एक जाडजूड ओंडका ओढत आणला आणि विस्तवावर नीट बसवला.

"सकाळपतूर जातंय," एवढंच म्हणून घागर घेऊन चालू लागल्या. त्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना मला रडू आलं.

सकाळी राखेवर निळी फुलं पडली होती. राख गार झाल्याची खात्री करूनच उठले.

स्टेशनवर अमोल घ्यायला आला होता. "विस्तव फार वेळ टिकला गं," तो म्हणाला.

"देवाचा होता," मी म्हटलं. ओंडक्याचं काही बोलले नाही. एकटीनं रात्र काढली असं काही मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण काढली. पुढच्या फाल्गुनात वाडीला पुरतील एवढे तांदूळ घेऊन जाणार आहे. लाकडं मात्र त्याच अंजनीखालची.