रुस्ताकहून आलेलं इंजेक्शन

देव आहे की नाही यावर मी कधी डोकं लावलं नव्हतं. त्या शुक्रवारी मात्र, असशील तर इतका छळतोस कशाला, असं त्याला तोंडावर विचारावंसं वाटत होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आमच्या मस्कतमधल्या रुवीच्या घरात पाळणा हलला नव्हता. तपासण्यांत दोघांतही कमी निघाली. आधी यांना कित्येक महिने हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागली, मग मला, अंडी वाढावीत म्हणून रोज पोटात. मी यांना टोचलं, आता हे मला टोचायचे. एवढी टोचाटोची कुठल्या नवराबायकोत झाली नसेल! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ही शेवटची खेप, यापुढे शरीराला छळायचं नाही.

हे रुसैलला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. माल आला की थेट फ्रीझरमध्ये, हे हाताला लागलेलं वळण. आदल्या संध्याकाळी शेवटचं इंजेक्शन आणलं आणि यांनी ते सवयीने सुरमईशेजारी सारलं. सकाळी बघते तर दगड!

"ह्यो काय बांगडो आसा, फ्रीझरात ठेवूक?" मी कडाडले.

"चुकलंय गो," एवढंच म्हणून हे मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा बघून मी भांडण सोडलं. नर्सला फोन लावला. ती म्हणाली, गोठलेलं औषध घेऊ नका, पण आजचा डोस चुकला तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात. क्लिनिकमधला साठाही संपला होता.

तेवढ्यात कोकणातून, गावाहून माझ्या बाबांचा फोन. सगळं ऐकून त्यांनी तिथूनच लेकीसाठी ग्रामदेवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाची ओटी भर रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघेना. मी फोन ठेवला.

जुम्म्याची नमाज होऊन दुकानं उघडल्यावर आम्ही फार्मसी पालथ्या घातल्या. शेवटच्या दुकानात काउंटरमागच्या काळ्या अबायातल्या ओमानी बाईने आमचं ऐकून घेतलं, अरबीत कुणाशी तरी बराच वेळ बोलली आणि म्हणाली, "रुस्ताक के दुकान में एक है. शाम को आएगा, इन्शाल्ला."

झालं! रुस्ताक मस्कतहून दोन तासांवर, त्यात हा शब्द. यांच्या गोदामात आपली माणसं 'इन्शाल्ला', म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं हसून म्हणतात ते कामाला टांग मारायची असली की. मी मराठीत म्हटलं, "म्हणजे नाहीच. चला घरी." पण हे हलेनात. आम्ही तिथल्याच बाकड्यावर बसून राहिलो. बाहेर ऊन उतरलं, मगरीबची अजान सुरू झाली, आणि पायघोळ पांढऱ्या डिशडाशातले एक म्हातारे गृहस्थ मासेमारीचा बर्फाचा डबा उचलून आत आले. आत एका बाजूला बर्फ, मध्ये जाड टॉवेल आणि टॉवेलापलीकडे ते इवलंसं खोकं! गोठू नये म्हणून कुणीतरी केवढी काळजी घेतली होती.

"आपका मस्कत में कुछ काम था?" यांनी विचारलं.

"नहीं," ते म्हणाले. "मैं उधर रुस्ताक के दुकान में खड़ा था. दुकानवाले ने फोन पे इन्शाल्ला बोल दिया. अल्ला का नाम लिया, फिर लाना पड़ेगा ना?" चहालाही थांबले नाहीत, नमाजेला उशीर होतो म्हणून निघून गेले. मी बघतच राहिले. ज्या शब्दाला मी नकार समजले, तो शब्द पाळायला एक अनोळखी माणूस डोंगरपायथ्याच्या गावाहून आला होता. आणि मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा!" दुकानातल्या बाईला काही कळलं नाही, पण ती हसली.

ते इंजेक्शन यांनी त्याच रात्री मला टोचलं. पुढचं देवाने पार पाडलं. कसं, ते मी विचारत नाही. आपण सुई टोचायची आणि बाकीचं त्याच्यावर सोपवायचं, एवढं मला कळलं. त्या म्हाताऱ्यांचं नावही विचारायचं राहिलं, पण दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मुलगी आता शाळेत जाते, मराठी अडखळत बोलते. परवा बाबांनी फोनवर तिच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या नातीक सुखात ठेव रे म्हाराजा!" पोरीला काय म्हणायचं ते आठवेना. ती जोरात ओरडली, "इन्शाल्ला!"

मी तिला सांगायला तोंड उघडलं, तोच पलीकडून बाबांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"