जास्तीत जास्त लोकांचे सासरे

इतकं तर्कशुद्ध जगून इतका गोंधळ घालणारा माणूस माझ्या सासऱ्यांशिवाय पृथ्वीतलावर दुसरा झाला नसेल. मुंबईच्या शाळेत जन्मभर शिकवून ते मालवणजवळच्या आपल्या गावी परतले, ते एक ट्रंक आणि एक तत्त्व घेऊन: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. तत्त्व कुणा विलायती पंडिताचं. पण सासरे ते इतक्या हक्काने वापरत की गावाला ते त्यांच्या घराण्यातलंच वाटे. जेवताना सुरमईची एकच तुकडी उरली, की ती कोणाच्या पानात पडली तर जगातलं सुख सर्वांत जास्त वाढेल, यावर चर्चा सुरू. एकदा चर्चा अशी रंगली की बोक्याने तुकडी पळवली. सासूबाई पळी घेऊन त्याच्यामागे धावल्या. सासरे मात्र प्रसन्न. "बोक्याक जितक्या सुख झाला, तितक्या आमच्यात कोणाक झाला असता? तुकडी बरोबर जागी गेली!"

त्यांना तोडीस तोड भेटले ते गावच्या चर्चचे पाद्रीबाबा. रोज चारला ओसरीवर चहा आणि भांडण, दोन्ही कडक. पाद्रीबाबा म्हणत, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी. सासरे उसळत, "खयच्या शेजाऱ्यार? डाव्या की उजव्या? एकार केली तर दुसरो रुसतलो!" हरवलेल्या एका मेंढरापायी बाकीची नव्व्याण्णव सोडून निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट ऐकली, तेव्हा तर त्यांच्या हातातली बशी हिंदकळली. "असल्या मेंढपाळाक कामाक ठेवतलो कोण?"

साठ सालाच्या सुमारास गावात एसटीचा रस्ता यायचं ठरलं आणि नेमकं एका विधवा म्हातारीचं घर आड आलं. तिला समजावायचं काम अर्थातच सासऱ्यांकडे. मीही सोबत गेलो. म्हातारीने आम्हाला आधी भात आणि कुळथाची पिठी वाढली. शाळा, दवाखाना, बाजार, साऱ्या गावाचं सुख तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गावाचा बरा होतला, ता माका कळता, मास्तर. घरय दुसरा बांधून देशात. पण माझो झील बोटीर गेलो, तो अजून येवक नाय. इलो तर त्याका ह्याच दार म्हायत आसा."

सासऱ्यांनी पान संपवलं, हात धुतले आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी गावाच्या सभेत ते उभे राहिले. रस्ता सरळ नको, म्हातारीच्या घराला वळसा घालून आमच्या बागेतून न्या, म्हणाले. म्हणजे त्यांची सात हापूसची कलमं जाणार. पाद्रीबाबा दाढीतल्या दाढीत हसत म्हणाले, "मास्तर, नव्व्याण्णव मेंढरा खंय सोडलात?"

"गप ऱ्हवा! वळणार गाडी हळू चलता. हळू चलली की माणसा वाचतत. जास्तीत जास्त माणसा!"

सभा हसून लोळली. रस्ता मात्र वळला.

म्हातारीचा मुलगा कधीच आला नाही. ती त्याच घरात वारली, मागोमाग सासरेही गेले. त्या दिवशी तिच्याकडून परतताना ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते, हे मी पाहिलं होतं. पण ते असेपर्यंत त्यांचा तो वळणाचा युक्तिवाद मी मान डोलावून मान्य करत राहिलो. मला सगळं कळलंय, हे एकदा तरी त्यांना सांगायला हवं होतं.