वाळलेल्या हरळीचा पगार

१९३४ साली मी तेवीस वर्षांचा होतो. आई चोवीस म्हणायची, पण तिच्या हिशोबात एक पावसाळा नेहमी जास्त असायचा. माझी शाळा दुसरीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात कुठं चुकलं तर चुकलं. झालं काय ते मला पक्कं आठवतंय, त्यात कुणी दुरुस्ती सांगायला येऊ नये.

आमचं गाव बेळगुंदी. शेत थोरल्या भावाच्या हातात, आणि त्याच्या हाताखाली राबणं मला जमेना, म्हणून मी बेळगावात एका वकिलांच्या बंगल्यावर माळी म्हणून राहिलो. गोठ्यामागची खोली मला दिलेली. बंगला कॅम्पाच्या अलीकडं. कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या दारापुढं हिरवंगार गवत असायचं, नुसतं बघायला. त्यावर गुरं सोडत नाहीत, त्याची वैरण करत नाहीत. वकिलांनी ते बघितलं आणि आपल्याही दारापुढं तसंच करायचं मनात घेतलं. गवत कुठलं लावलं, तर हरळी!

हरळी म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. एकदा रानात शिरली की माणसाची कंबर मोडते, पण तिचं मूळ हटत नाही. मी नोकरी सांगितली तेव्हा बापानं हातातली भाकरी खाली ठेवली.

"आमचा जलम हरळी खणून काढण्यात गेला, आणि तू तिला पाणी घालायची चाकरी धरलीस?"

"कापायची बी," मी म्हणालो.

"कापतोस कशाला? मुळासकट काढ की रं!"

पण मला ते काम आवडलं. विळ्यानं हरळी एकसारखी कापणं सोपं नाही. बसून, मागं सरकत सरकत कापायची, हात जमिनीला घासत न्यायचा. माझी हरळी अशी दिसायची की वाटेनं जाणारे लोक कुंपणाशी थांबायचे. पावसाळ्यात ती इतकी वाढायची की एका टोकाकडनं कापत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा वर आलेलं असायचं.

त्या वर्षी होळी झाली आणि विहिरीचं पाणी लई खाली गेलं. उरलं ते पिण्यापुरतं. हरळी पिवळी पडली, मग काथ्याच्या तरटासारखी झाली. वाढणं बंद म्हणजे कापणं बंद. मी रोज सकाळी विळा घेऊन जायचो, बघायचो आणि परत यायचो.

एकदा वकिलांनी मला व्हरांड्यात बोलावलं. माणूस वाईट नव्हता हो. त्यांना वादाची हौस होती, आणि वाद करताना समोर कोण आहे हे ते बघत नसत. 

"मला एक सांग," ते म्हणाले. "तुला मी पगार देतो तो गवत कापण्याचा. गवत वाढत नाही. मग पाऊस पडेपर्यंत पगार कशाचा? मी नाही म्हणत नाही. पण कशाचा, ते मला समजावून दे."

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडलेला.

"तोवर घरातली कामं कर," ते म्हणाले. "भांडी आहेत, दळण आहे."

"मी माळी म्हणून आलोय, रावसाहेब. भांडी घासणार न्हाय."

"मग विचार कर आणि सांग."

हा प्रश्न नुसता वादाचा असता तर मी मजेत विचार केला असता. पण त्याच महिन्यात माझी सोयरीक चालली होती. मुलगी कणकुंबीची. तिचा बाप आमच्या घरी येऊन गेला होता आणि त्यानं एकच गोष्ट विचारली होती, नोकरी बारमाही हाय काय? आमच्या बापानं मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, बारमाही. हरळीला नावं ठेवणारा बाप, पण पाहुण्यापुढं तीच हरळी मिरवायला निघाला. आता पाहुणा हिरड्याची पोती घेऊन बाजाराला येणार होता आणि येताना बंगल्यावर डोकावून जाणार होता. पगार बंद झालेला दिसला की सोयरीक मोडलीच म्हणायची. आणि मुलगी मी बघितलेली होती. तिनं माझ्याकडं बघून हसायचं सोडून माझ्या हातावरच्या विळ्याच्या खुणांकडं बघितलं होतं. मला ते लई आवडलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी गावाकडं गेलो. डोक्यात तोच प्रश्न. आमच्या गल्लीत एक म्हातारा होता, सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. मी जन्मलो तेव्हापासून नव्हता म्हणे. तो कट्ट्यावर ऊन खात बसलेला, आणि गावचा न्हावी त्याच्यासमोर उकिडवा बसलेला. न्हाव्यानं वाटीतल्या पाण्यात हात बुडवला, आप्पाच्या टकलावरनं फिरवला आणि विचारलं, "हाय काय?"

"न्हाय," आप्पा म्हणाला.

"बरं." न्हाव्यानं आपली पेटी बंद केली.

हे मी लहानपणापासून बघत आलेलो. त्या दिवशी मात्र पाय तिथंच थांबले. कारण सुगीला खळ्यावर न्हाव्याचं बलुतं काढताना आप्पाही सगळ्यांसारखाच पुरा वाटा घालायचा. वर्षभर न्हाव्यानं गावाचं काम करायचं आणि सुगीला प्रत्येक घरानं त्याला भात घालायचं, अशी आमची रीत. पण टकलाचं बलुतं कशाचं?

"आप्पा," मी म्हणालो, "डोक्यावर केस न्हाईत, मग भात कशापायी घालता?"

"त्यो माझा न्हावी हाय म्हणून."

"पण काम तर काय करत न्हाय."

न्हावी उसळला. "काम न्हाय व्हय? येतो का न्हाय मी? केस न्हाईत म्हणून ह्या दारावरनं तसाच पुढं गेलो काय कवा?"

"आणि दाढी कोण करतंय, तुझा बा?" आप्पा म्हणाला.

"दाढी सगळेच करतात. तुमचं माप कमी व्हायला पायजे," मी म्हणालो.

आप्पानं डोळे बारीक केले. "त्या पाटलाच्या पोराच्या डोक्यावर जंगल हाय. त्यानं दुप्पट घालायचं काय मग? उगं ऊन अडवू नकोस, सरक."

मला वाटलं, सापडलं! येताना वाटभर मी ते वकिलांच्या भाषेत जुळवत आलो.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मी सगळं सांगितलं, टक्कल, वाटी, "हाय काय" सगळं. वकील इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझं बोलणं उसवायला बसले.

"न्हावी गाव सोडून जातो का?"

"न्हाय."

"तू? कॅम्पातल्या साहेबानं जास्त दिले तर जाशील की नाही?"

मी म्हणालो, "पावसाळ्यात हरळी दुप्पट वाढली, तवा मी दुप्पट मागितलं काय?"

"हे बरं बोललास. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"बरं, मे महिन्यात कोर्ट बंद असतंय. न्यायाधीशाचा पगार बंद होतो काय?"

"न्यायाधीशाचा होत नाही," वकील म्हणाले. "माझा होतो."

त्यांचं खरं होतं. पक्षकार आला नाही की त्यांच्या व्हरांड्यातल्या खुर्च्या रिकाम्या असायच्या.

"अर्धा घे," ते म्हणाले. "दोघांचंही राहील."

"अर्धा नको. अर्धा बलुतेदार कुणी ऐकलाय? द्यायचा तर पुरा द्या, न्हायतर काय बी नको. पण मी रोज येणार."

"पगार नाही तरी?"

"येणार."

कुंपणाच्या फाटकाशी कुणीतरी खाकरलं. बघतो तर कणकुंबीचा पाहुणा, डोक्याला मुंडासं, पायाला हिरड्याची धूळ. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"पगार न्हाय तरी येणार म्हणं," तो पायरीशी येत म्हणाला. "आणि माझी पोरगी खाणार काय? वाळलेली हरळी?"

वकिलांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही ऐकलंत ना? मग तुम्हीच पंच. हा म्हणतो पुरा, मी म्हणतो अर्धा."

पाहुणा गटागटा पाणी प्याला. त्यानं हरळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"माझी म्हस हाय," तो म्हणाला. "आठ म्हयनं दूध देती, मग भाकड होती. भाकड म्हशीची वैरण अर्धी केली तर पुढच्या वेताला ती मला काय देईल?"

"पण ती म्हैस तुमची आहे. हा माझा आहे कशावरून?"

"पगार न्हाय तरी येतो म्हणतोय. आणि कुणाचा असंल?"

वकील पायानं पायरीवरची धूळ सारखी करत राहिले. मग म्हणाले, "पटलं. पुरा. बारमाही."

पाहुणा उठला, मुंडासं सारखं केलं आणि मला म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, तिथी काढायला येतो."

सोयरीक झाली, पगार राहिला, सगळं मला हवं होतं तसं झालं. तरी त्या दिवशी मी जेवताना फुगून बसलो होतो. मी एवढा न्हावी, एवढं टक्कल घेऊन गेलो, आणि निकाल लागला म्हशीवर! तोही मला भाकड म्हणून! लग्नानंतर हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांची म्हस लई गुणाची होती वो." बरं वाटावं की वाईट, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. आणि माणसाला पैसे मिळतात ते कामाचे की येण्याचे, हेही नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी सांगावं, मी ऐकून घेईन. मान्य करीन असं नाही.

त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, विळ्याला दगडावर धार लावली आणि पाण्याचा तांब्या घेऊन हरळीपाशी गेलो. एका टोकाला उकिडवा बसलो. तांब्यात हात बुडवला, त्या पिवळ्या तरटावरनं फिरवला आणि विचारलं, "हाय काय?"

मग मागं सरकलो, आणि पुढच्या हातभर जागेवर तसाच हात फिरवला.