चकतीवर एक बोट

आमचे वडील बैलगाडा शर्यतीत माईकवर बोलायचे. पेठेपासून डिंगोऱ्यापर्यंत कुठल्याही गावची यात्रा असो, गाडा सुटला की घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, त्यांचाच आवाज. ते गेले आणि त्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं, माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये. ते दुसरीकडे उतरवून ठेवू, असं मी दर श्राद्धाला म्हणायचो.

यंदा आई म्हणाली, "एकदा ऐकीव मला."

कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर डिस्कचा पत्ताच नाही. वायर बदलली, करंटची पिन बदलली. डिस्क तळहातावर धरून पाहिली. चालू झाली की बारीक थरथर लागते, ती लागेना. नुसती कण्हायची आणि गप्प व्हायची.

इथवर मी शहाण्यासारखा वागलो. मग शेतकऱ्याची अक्कल आडवी आली. विहिरीवरची मोटार फार दिवस बंद राहिली की जाम होते. तेव्हा आम्ही मागचं झाकण काढतो, पंखा हाताने फिरवतो आणि बटण दाबतो. घर्रर्र! ही डिस्कही मोटारच की! मी आईला आणि चुलतभावाला समोर बसवलं, बाह्या सरसावल्या आणि जादूगाराच्या थाटात एकेक स्क्रू काढला. आत आरशासारखी चकती. तिच्यात माझं तोंड दिसलं, भलतंच खुशीत.

"दादा, ऱ्हाऊ दे. आळेफाट्याला नेऊ," भाऊ म्हणाला.

"एवढ्याशा मोटारीला डॉक्टर कशाला, राव?" म्हणत मी करंट दिला आणि बोटाने चकती ढकलली.

फिरली! आईने हात जोडले. तोच आतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं खर्रर्र झालं आणि सगळं थांबलं.

आळेफाट्याच्या दुरुस्तीवाल्याने चकती उजेडात तिरपी धरली.

"झाकण कुणी काढलं?"

"मी."

"अन् ह्यो ठसा?"

"माझाच."

"लई हुशार हाय तुमी, भाऊ! नुसती जाम व्हती. न उघडता आणली असती तर पुण्याला धाडून आवाज काढला असता. आता ओरखडे पडल्यात. न्हाई जमायचं."

घरी येऊन आईला खरं ते सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू नक्कल करायचास ना त्यांची? कर."

मी उभा राहिलो, मुठीचा माईक केला. "सुटला, सुटला! पोरांनो, घाट सोडा, घाट सोडा..."

पुढचं आठवेना. लग्नाकार्यात नक्कल करताना इथून पुढे मी माझेच विनोद घुसडायचो. लोक लोळायचे. वडीलही हसायचे, आणि तेवढ्यावर मी खूश. ते खरोखर काय म्हणायचे, हे कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

"म्होरं ते बैलांची नावं घ्यायचे," आई म्हणाली.

"कोणती?"

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. एकच आठवलं, आणि तेही नक्की नव्हतं.