काश्यप गोत्राचा गोरा

सर्वपित्री अमावास्येला आमच्या कोपरीच्या घरात पितरांच्या पानांशेजारी एक जास्तीचं पान मांडलेलं असायचं. त्यावर वडे, खीर आणि एक पाव. ते पान एका ऑस्ट्रेलियन सैनिकाचं होतं.

महायुद्धात माझे आजोबा जपान्यांच्या कैदेत होते. तिथे ते तापाने फणफणले, तेव्हा हा गोरा कैदी स्वतःच्या वाट्याचा अर्धा भात त्यांना भरवायचा. आजोबा वाचले आणि पुढे त्याच तापाने तो गेला. शेवटी तो "ब्रेड, ब्रेड" म्हणत होता, तेवढंच आजोबांना कळलं. त्याचं नाव त्यांना कधी नीट कळलंच नाही.

गुरुजी दरवर्षी कुरकुरायचे, "अहो, नाव नाही, गोत्र नाही, कसं करायचं?"

आजोबा उसळायचे. "गोत्र माहीत नसलं की काश्यप धरतात ना? मग धरा की! भात देताना त्याने माझं गोत्र विचारलं नव्हतं."

आजोबा गेले. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, ते पान घेऊनच. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण आजोबांचा तिरसटपणा माझ्यातही उतरलाय.

यंदा लेक शिकायला ऑस्ट्रेलियाला गेली. अमावास्येला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथल्या युद्धस्मारकापाशी ती हातात पाव घेऊन उभी होती.

"आई, इथे भिंतभर नावं आहेत गं, काहींसमोर लोकांनी फुलं ठेवलीत. आपला कुठला?"

मी म्हटलं, "ज्या नावासमोर कुणी फूल ठेवलं नसेल, तिथे ठेव."