प्रभुभोजनाचा रस

इंदापूरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा रस करायचं काम माझ्याकडे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाला भाकरीचा एक तुकडा आणि बोटभर पेल्यात द्राक्षाचा रस. ज्यानं दारूपायी घर घालवलं, अब्रू घालवली, त्याच्याच हाती द्राक्षं द्यायचं धाडस पाळकीणबाईंचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पाळकांच्या पत्नीचं. काहींनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, "खिचडी चांगली करतो, रसही करेल." खिचडीबद्दल त्या अगदी खरं बोलल्या होत्या.

ह्या खिचडीनंच मला इथं आणलं. सांगवीचं घर सुटल्यावर मी बारामतीच्या एसटी स्टँडवर राहायचो. राहायचो म्हणजे शेवटच्या फलाटाच्या भिंतीशी पडून असायचो. जळोचीला सख्खी बहीण, पण तिच्या दारात गेलं की ताट फाटकाबाहेर यायचं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. दर बुधवारी दुपारी पाळक आणि पाळकीणबाई टेम्पोतून खिचडीचं पातेलं घेऊन यायचे. मी पोटभर खायचो आणि वर मीठ कमी आहे म्हणून भांडायचो. एका बुधवारी बाईंनी डावच माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी तूच कर मग. बस टेम्पोत." मी बसलो तो रागानं, भक्तीनं नाही.

त्यानंतर दोनदा पळालो आणि दोनदा पिऊन परत आलो. दोन्ही वेळा पाळकांनी दार उघडलं, आंघोळीला पाणी तापवलं आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या वेळी मीही तोंड उघडलं. "प्रभू, मला माझाच कंटाळा आलाय," एवढंच म्हणालो. पुढचं मला सुचलं नाही, आणि बहुतेक त्याला पुढचं लागलंही नाही. त्या दिवसापासून प्यालेलो नाही. मंडळीच्या मागच्या खोलीत राहतो, सकाळी सतरंज्या झटकताना प्रभूशी बोलतो, बुधवारी खिचडी घेऊन स्टँडवर जातो. बहिणीकडे आता चहा आत, स्वयंपाकघरात मिळतो. मी सुखात आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्टँडवरच्या त्याच भिंतीशी मला एक माणूस सापडला. कधीकाळी ट्रकवर होता, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हर म्हणायचे. वयानं माझ्यापेक्षा मोठा. माझ्या खिचडीत मीठ जास्त आहे म्हणाला. मी लगेच ओळखलं, हा आपलाच माणूस. त्याला घेऊन आलो. पण तो आपली कापडी पिशवी काही हातातून सोडेना. जेवताना मांडीवर, झोपताना उशाला, प्रार्थनेला शेजारी. मी त्याला चिडवायचो, "आबा, पिशवीचा बी बाप्तिस्मा करायचाय काय?" पण आतून मी धास्तावलेला असायचो. पिशवी हातात ठेवणारा माणूस कुठल्याही क्षणी उठून जातो. मीही तसाच गेलो होतो.

एप्रिलचा पहिला रविवार आला. एरवी मी काळ्या मनुका उकळून रस करायचो. त्या वेळी मंडळीतल्या एका बागायतदारानं हंगाम संपताना काळ्या द्राक्षांची पेटी पाठवली. मला जोर चढला. म्हटलं, ताजा रस करू, उकळायला कशाला हवा? गुरुवारीच पिळून ठेवला. फ्रिजमध्ये भाजी कोंबलेली, म्हणून बाटली माठाशेजारी ठेवली. जन्मभर दारू प्यालो, पण ती होते कशी, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

रविवारी बाहेर गाणं सुरू झालं आणि मी स्वयंपाकघरात बाटलीचं झाकण फिरवलं. फस्स झालं. वास थेट डोक्यात गेला. तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोलू, बाटली मी ओठापासून वीतभर अंतरावर आणली होती. खिडकीतून पलीकडे ड्रायव्हरची पाठ दिसत होती. बरोबर अकरा दिवस तो प्यायला नव्हता. हा पेला फिरत फिरत त्याच्यापर्यंतही जाणार होता.

"बाई!" मी ओरडलोच. पाळकीणबाई धावत आल्या. त्यांनी वास घेतला. "गोड तर येतोय. काय झालं?"

"बाई, ह्याची दारू झालीय."

"नक्की?"

"मला न्हाय कळायचं तर कुणाला?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मी बाटली त्यांच्या हातात दिली. "तुमी वता. माझा माझ्यावर भरवसा न्हाय." त्यांनी सगळा रस मोरीत ओतला आणि मी त्यावर दोन बादल्या पाणी मारलं. मग मूठभर मनुका शोधून उकळल्या. पाळकांनी लोकांना सांगितलं, "रस बिघडलाय, नवा होतोय, तोवर गाऊ या." लोक चार गाणी जास्त गायले. रस फिकट झाला, चहाच्या पाण्यासारखा. मी तो हातात धरला तेव्हा मला रडू आलं. ड्रायव्हरनंही घेतला.

जेवणं झाल्यावर मी मोरीवर पातेलं घासत होतो. ड्रायव्हर येऊन शेजारी उकिडवा बसला.

"मघाशी बाटली उघडलीस तवाच वास आला मला," तो म्हणाला. "म्हनलं, हा आता पितोय."

माझा हात थांबला.

"तू पेलास की मी बी मोकळा. पिशवी घेऊन उठलो हुतो. चपला बी घातल्या."

"मग?"

"मग मोरीतनं वास आला. पान्याचा आवाज आला. परत येऊन बसलो."

त्यानं मांडीवरची पिशवी उचलली आणि विचारलं, "तुज्या खोलीत एखादा खिळा हाय का रं मोकळा?"

मोकळा खिळा नव्हता. एकाच खिळ्यावर माझा सदरा होता. तो काढून मी खिळा मोकळा केला.